एका डोळ्यापासून वन

सत्यभामेच्या हट्टासाठीं श्रीकृष्णानें इंद्रलोकांतून पारिजातक आणला, ही कथा आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. झाड लागलें सत्यभामेच्या अंगणांत आणि फुलांचा सडा पडूं लागला रुक्मिणीच्या अंगणांत. त्या दोघींच्या रुसव्याफुगव्यांवर आपल्या कीर्तनकारांनीं किती रात्री जागविल्या असतील, याची गणती नाहीं. परंतु या सगळ्या भांडणाच्या मुळाशीं जी साधी अडचण होती, ती कोणी फारशी बोलून दाखवीत नाहीं. अडचण ही कीं, झाड एकच होतें, आणि एकच झाड दोन अंगणांत उभें करण्याची विद्या द्वारकेंत कोणास अवगत नव्हती. ती असती, तर झाड उपटून आणण्याचें कारणच पडलें नसतें. फांदीच्या टोकाचा एक कोंवळा डोळा खुडून आणला असता, तरी दोन्ही राण्यांचीं अंगणें भरलीं असतीं आणि इंद्राचें झाड इंद्रापाशींच राहिलें असतें.

मी राहतों त्या वस्तीचें नांवही इंद्रलोकच आहे. मात्र हा इंद्रलोक स्वर्गांतला नव्हे. मुंबईच्या उत्तरेस, भाईंदरच्या पूर्व बाजूला, मिरा-भाईंदर शहरांत तो वसलेला आहे. येथें नंदनवन नाहीं, कल्पवृक्षही नाहीं. उंच इमारती आहेत आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर केळ्यांची हातगाडी आहे. त्या गाडीवरचीं केळीं आपण एकदां निरखून पाहा. सारखी लांबी, सारखा बांक, सारखी जाडी. जळगांवकडून येणाऱ्या अशा केळ्यांपैकीं पुष्कळशीं ज्या रोपांवर लागलीं, त्या रोपांचा जन्म शेतांत झालेला नसतो. तो कांचेच्या बाटलींत झालेला असतो. शेतकरी त्यांस ‘टिश्यू कल्चरचीं रोपें’ म्हणतात. ग्रांथिक भाषेंत या विद्येस ऊतिसंवर्धन असें नांव आहे. केळ हें कांहीं झाड नव्हे, ती कंदापासून वाढणारी मोठी शाकीय वनस्पति आहे. पण हीच विद्या साग, निलगिरी, बांबू यांसारख्या वनांतील वनस्पतींस कशी लागू झाली, तिनें काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, याविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे.

प्रथम बीं आणि कलम यांतील भेद ध्यानांत घेऊं. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल अशी खात्री कोंकणांतील कोणताही बागाईतदार देणार नाहीं. कारण उघड आहे. बीं हें दोघांचें अपत्य असतें. आईचे कांहीं गुण, बापाचे कांहीं गुण, आणि त्यांची मिसळण प्रत्येक बीजांत निराळी. एका आईचीं दोन मुलें जशीं एकसारखीं नसतात, तशींच एका झाडाचीं दोन बीजें. कलमाची गोष्ट मात्र वेगळी. हापूसचें कलम म्हणजे हापूसचें मूल नव्हे. तो हापूसच आहे, फक्त दुसऱ्याच्या मुळांवर उभा राहिलेला. म्हणूनच रत्नागिरीच्या बागेंतील शंभर कलमांस एकाच चवीचीं फळें येतात.

परंतु सर्वच झाडें कलमाला आंब्यासारखीं वश होत नाहींत. नारळाचें उदाहरण घ्या. त्यास फांद्या नाहींत. वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यावर. तो कापला कीं माड मेला. त्यामुळें उत्तम माडाचें कलम बांधूं म्हटलें तरी बांधतां येत नाहीं. नारळ रुजत घालणें एवढाच मार्ग परंपरेनें चालत आला आहे. सागाची अडचण निराळी आहे. सागाचें बीं टणक कवचांत असतें. पुष्कळ पेरावें तेव्हां थोडें उगवतें, आणि तेंही एकाच वेळीं उगवत नाहीं. आपले वनखात्यांतील लोक वाफ्यांत रोपें वाढवून, त्यांचा शेंडा व मूळ छाटून, बोटभर जाडीची ‘सागजडी’ तयार करतात आणि ती पावसाळ्याच्या तोंडीं जंगलांत लावतात. ही रीत चांगली आहे, स्वस्त आहे. पण सागजडीसुद्धां बियांचीच संतति. शंभर जड्यांतून एखादी सरळ, निर्वेध सोटासारखी वाढते, कांहीं वेड्यावांकड्या होतात, कांहींना खालींच फांटे फुटतात.

मग त्या शंभरांतील उत्तम झाडाचीच पैदास कां करूं नये? येथें खरी मेख आहे. साग कापणीस येण्यास कित्येक दशकें लागतात. झाड चांगलें निघालें हें खात्रीनें कळतें, तेव्हां तें वृद्ध झालेलें असतें. आणि वृद्ध सागाची फांदी कापून मातींत खोंवली तर तिला मुळें फुटत नाहींत. फांदी सहज रुजेल इतकें तें कोंवळें असतें, तेव्हां तें पुढें कसें निघेल हें कोणास सांगतां येत नाहीं. रुजण्याचें सामर्थ्य असतें तेव्हां परीक्षा झालेली नसते, आणि परीक्षा होते तेव्हां रुजण्याचें सामर्थ्य गेलेलें असतें. वृक्षांच्या लागवडींतील ही जुनी गांठ सोडविण्यासाठींच मनुष्य कांचेच्या नळीकडे वळला.

कल्पना मुळांत जुनी आहे. १९०२ सालीं हाबरलांट नांवाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानें असा विचार मांडला कीं, वनस्पतीची प्रत्येक जिवंत पेशी हीच एक स्वतंत्र वनस्पति होण्यास समर्थ असली पाहिजे. त्यानें पानांतील पेशी वेगळ्या काढून क्षार व साखर यांच्या द्रावणांत ठेविल्या. त्या कांहीं आठवडे जगल्या, थोड्या फुगल्या. पण एकही पेशी दुभंगली नाहीं. विचार बरोबर होता, साधन अपुरें होतें. पुढें १९३९ सालीं फ्रान्समध्यें गोत्रे व नोबेकूर आणि अमेरिकेंत व्हाइट यांनीं वनस्पतींचे लहान तुकडे बाटलींत कितीही काळ वाढवितां येतात हें दाखविलें. तरी त्या तुकड्यांतून हवें तेव्हां खोड आणि हवें तेव्हां मूळ कसें काढावें, हें कोडें राहिलेंच.

तें कोडें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें स्कूग व त्याचे सहकारी यांनीं उलगडलें. १९५५ सालीं त्यांस पेशींचें विभाजन चालू करणारें एक द्रव्य सांपडलें. गंमत अशी कीं, तें प्रथम मिळालें माशाच्या शुक्रपेशींतील द्रव्य तापवून! त्यास त्यांनीं कायनेटिन असें नांव दिलें. १९५७ सालीं स्कूग व मिलर यांनीं तंबाखूच्या गाभ्यावर प्रयोग करून एक अत्यंत सोपा नियम सांगितला. वनस्पतीच्या अंगांत दोन प्रकारचीं संप्रेरकें असतात, एक ऑक्झिन आणि दुसरें सायटोकायनीन. द्रावणांत ऑक्झिनचें पारडें जड झालें कीं मुळें फुटतात. सायटोकायनीनचें जड झालें कीं कोंब फुटतात. दोन्ही तोलून असलीं कीं नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. १९६२ सालीं मुराशिगे व स्कूग यांनीं जें पोषक मिश्रण ठरवून दिलें, तें जगांतील प्रयोगशाळा आजही वापरीत आहेत.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. निवडलेल्या मातृवृक्षाच्या कोंवळ्या फांदीचें एक पेर घेतात. पानाच्या देंठाच्या बगलेंत जो निद्रिस्त डोळा असतो, तोच या कामाचा आधार. तें पेर जंतुनाशक द्रावणांत धुऊन, निर्जंतुक हवेच्या झोतांत बसून, चिमट्यानें कांचेच्या नळींत ठेवितात. नळींत असतें काय? नत्र, स्फुरद, पालाश, लोह इत्यादि क्षार, कांहीं जीवनसत्त्वें, लिटरला सुमारें तीस ग्रॅम साखर, अल्प प्रमाणांत संप्रेरकें, आणि हें सर्व खरवसासारखें थिजावें म्हणून समुद्रशेवाळापासून काढलेलें आगर. साखर घालण्याचें कारण असें कीं, बाटलींतील पानें आपलें अन्न पुरेसें तयार करूं शकत नाहींत. पण जेथें साखर तेथें बुरशी, हें मुरंबा करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. म्हणून हें अन्न आपल्या घरच्या दाबाच्या कुकरासारख्याच, पण मोठ्या भांड्यांत १२१ अंश उष्णतेच्या वाफेनें शिजवून निर्जंतुक करावें लागतें. हवेंतील बुरशीचा एक कण आंत गेला, तरी चारसहा दिवसांत ती नळी फेंकून द्यावी लागते.

सर्व ठीक झालें तर कांहीं आठवड्यांत डोळा जागा होतो आणि एका कोंबाचे तीनचार कोंब होतात. ते सुटे करून नव्या बाटल्यांत लावावयाचे. पुन्हां प्रत्येकाचे तीनचार. दर महिन्यास तिप्पट होत गेले, तर एका कोंबाचे वर्षअखेर पांच लक्ष एकतीस हजारांवर कोंब होतात. बुद्धिबळाच्या पटावरील तांदुळाच्या दाण्यांची गोष्ट आपण ऐकली असेल. तोच हा हिशेब. अर्थात् हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षांत कांहीं कोंब सुकतात, कांहीं कुजतात, कांहीं रुसून बसतात. पुरेसे कोंब झाले कीं ऑक्झिनचें प्रमाण वाढवून त्यांस मुळें फोडावयाचीं.

पण सर्वांत नाजूक पायरी याच्या पुढेंच आहे. बाटलींतील दमट हवेंत वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर नीट बसलेला नसतो, आणि पानांवरचीं सूक्ष्म रंध्रें वेळेवर मिटण्याची संवय त्यांस लागलेली नसते. असें रोप एकदम उन्हांत नेलें तर तासाभरांत माना टाकतें. म्हणून तें प्रथम धुक्याच्या फवाऱ्याखालीं, मग जाळीच्या सावलींत, मग थोड्या उन्हांत, असें पायरीपायरीनें बाहेर आणावें लागतें. लाडावलेल्या मुलास गांवच्या शाळेंत घालण्यासारखेंच हें काम आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें या विद्येंतील अभिमानाची गोष्ट पुण्यास घडली. पुण्याच्या पाषाण मार्गावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन १९५० सालच्या जानेवारींत पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. नांव रासायनिक असलें तरी तेथें वनस्पतींच्या पेशींवरही काम चालत असे. तेथील जगन्नाथन्, मस्कारेन्हास, गुप्ता, नाडगीर या संशोधकांनीं १९८० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, शंभर वर्षें वयाच्या सागाच्या डोळ्यांपासून त्यांनीं बाटलींत नवीं रोपें वाढविलीं आहेत. मघां सांगितलेली जुनी गांठ आठवा, म्हणजे या बातमीचें मोल कळेल. ज्या झाडाची परीक्षा शंभर पावसाळ्यांनीं घेतलेली आहे, त्याच झाडास पुन्हां बालपण आलें! परदेशांत १९६८ सालीं अॅस्पेन नांवाच्या पॉप्लरवर्गीय झाडाचीं रोपें ऊतींपासून तयार झालीं होतीं. पण सागासारख्या उष्ण प्रदेशांतील, टणक लांकडाच्या वृद्ध वृक्षांत हें साधणें फार अवघड मानलें जात असे.

तें अवघड कां, हेंही सांगितलें पाहिजे. जुन्या झाडाचा तुकडा कापला कीं त्यांतून काळसर रस पाझरतो, अन्न काळें पडतें आणि त्या विषानें तुकडा स्वतःच मरतो. पुन्हां जुन्या लांकडाच्या आंतही जंतु दडलेले असतात. ते वरवर धुऊन जात नाहींत. आणि सर्वांत मोठी अडचण वार्धक्याची. म्हाताऱ्या डोळ्यास उगवण्याची उमेदच नसते. त्यावर उपाय असे कीं, तुकडा दर एकदोन दिवसांनीं ताज्या अन्नावर हलवीत राहावें. झाडाच्या शेंड्याचे नव्हे, तर बुंध्याजवळून फुटलेले धुमारे घ्यावे, कारण बुंध्याजवळचा भाग शेंड्यापेक्षां अधिक तरुण वृत्तीचा असतो. आणि कोंब एका बाटलींतून दुसरींत पुनःपुन्हां लावीत जावें, म्हणजे हळूहळू त्याचें बालपण परत येतें.

याच प्रयोगशाळेंत १९९० सालीं आणखी एक चमत्कार वाटावा अशी गोष्ट घडली. बांबू आयुष्यांत एकदांच फुलतो, तोही जातीप्रमाणें कित्येक दशकें गेल्यावर, आणि फुलला कीं मरतो. त्यामुळें बांबूचें बीं दुर्मिळ, आणि दोन बांबूंचा संकर करणें तर जवळजवळ अशक्य. डॉ. रजनी नाडगौडा व त्यांचे सहकारी यांनीं बाटलींत वाढविलेल्या कोंवळ्या बांबूंस, ज्यांत आपला कटांग बांबूही होता, फुलें आणि बीं आणून दाखविलें. ‘नेचर’ या विख्यात पत्रिकेनें तें वृत्त छापलें. त्या बाटल्यांतील अन्नांत इतर द्रव्यांबरोबर नारळाचें पाणीही होतें. पेशींस जागें करणारीं द्रव्यें नारळाच्या पाण्यांत निसर्गानेंच घालून ठेविलेलीं आहेत.

येथवर ऐकून कोणासही असें वाटेल कीं, आतां बिया पेरण्याचें कारणच उरलें नाहीं. एक उत्तम झाड शोधावें आणि त्याच्या लक्षावधि प्रती काढून डोंगरच्या डोंगर झांकून टाकावे. श्रोत्यांनीं नेमक्या याच ठिकाणीं थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

छापखान्याची उपमा घेतली तर बाटली ही छापण्याचें यंत्र आहे, ग्रंथकार नव्हे. मूळ प्रत शुद्ध असेल तर हजार प्रती शुद्ध निघतील. मूळ प्रतींत चूक असेल तर ती हजार वेळां छापली जाईल. साग उत्तम आहे असें कोणीं ठरविलें, किती वर्षें पाहून ठरविलें, कोणत्या जमिनींत पाहून ठरविलें, या प्रश्नांचीं उत्तरें बाटली देत नाहीं. कधीं कधीं तर यंत्रही चुकतें. डोळ्यापासून सरळ कोंब न काढतां पेशींचा गोळा करून त्यांतून रोपें काढलीं, तर त्यांत विकृति शिरण्याचा संभव वाढतो. मलेशियांत तेलताडाचीं अशीं रोपें मोठ्या प्रमाणावर लावलीं गेलीं. दिसावयास तीं निकोप होतीं. पण फुलण्याची वेळ आली तेव्हां, १९८० नंतरच्या दशकांत, असें आढळलें कीं कांहींचीं फुलें विकृत झालीं आहेत आणि त्यांस नीट फळ धरत नाहीं. या विकृतीचें नेमकें कारण समजण्यास २०१५ साल उजाडावें लागलें.

दुसरा धोका एकसारखेपणाचा. एका घरांतील सर्व कुलपांस एकच किल्ली लागत असेल, तर चोराला एकच किल्ली मिळविली कीं पुरे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारांत ‘ग्रो मिशेल’ नांवाच्या एकाच केळ्याचें राज्य होतें. त्याचीं रोपें बाटलींतलीं नव्हतीं, मुनव्यांपासून केलेलीं होतीं. पण मुनवा हीही प्रतच. मुळांतून शिरणाऱ्या पनामा रोगाच्या बुरशीनें तें राज्य धुळीस मिळविलें. त्याच्या जागीं कॅव्हेंडिश गटाचीं केळीं आलीं. आपल्या जळगांवची ‘ग्रँड नैन’ त्यांपैकींच. आतां त्याच बुरशीचा एक नवा प्रकार या गटासही मारीत आहे आणि तो आपल्या देशांत बिहारसारख्या प्रांतांत आढळला आहे. बाटलींतलें रोप लागवडीच्या वेळीं रोगमुक्त असतें, हें खरें; पण रोगमुक्त असणें आणि रोगाला दाद न देणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

तिसरा धोका मनुष्याच्या लोभाचा. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे सागाच्या लागवडीवर पैसे गुंतवा आणि वीस वर्षांत लक्षाधीश व्हा, अशा जाहिरातींचें पीक आलें होतें. पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांनीं आपली पुंजी त्यांत घातली आणि गमावली. अशा योजनांवर नियंत्रण ठेवणारे सेबीचे नियम १९९९ सालीं झाले. आजही ‘टिश्यू कल्चरचा साग’ हे शब्द जादूच्या मंत्रासारखे उच्चारले जातात. पण ऊतिसंवर्धन झाडाची जात टिकवितें, काळ बदलीत नाहीं. मुरमाड जमिनीची काळी जमीन होत नाहीं, आणि सागाच्या लांकडाचा पक्का गाभा तयार होण्यास जीं वर्षें लागावयाचीं तीं लागतातच. केळींतील चूक वर्षा-दीड वर्षांत कळते आणि शेतकरी सांवरतो. झाडांतील चूक कळेपर्यंत बापाच्या जागीं मुलगा आलेला असतो.

म्हणून ज्यांस अशीं रोपें विकत घ्यावयाचीं असतील, त्यांनीं विक्रेत्यास चार प्रश्न अवश्य विचारावे. मातृवृक्ष कोठला आणि निवडला तेव्हां किती वयाचा होता? रोपें एकाच वृक्षाचीं आहेत कीं अनेकांचीं? तीं सरळ डोळ्यापासून काढलेलीं आहेत कीं पेशींच्या गोळ्यापासून? आणि आमच्यासारख्या जमिनींत, आमच्याइतक्या पावसांत, तीं पूर्वीं लावून किती वर्षें पाहिलीं आहेत? या चारांचीं उत्तरें मिळत नसतील, तर वनखात्याची साधी सागजडी बरी. आणि उत्तरें समाधानकारक असलीं, तरीही सगळें रान एकाच मातृवृक्षाच्या प्रतींनीं भरूं नये. निदान दहावीस निरनिराळ्या उत्तम वृक्षांचीं रोपें मिसळून लावावीं.

आमच्या इंद्रलोकापासून थोडें पुढें गेलें कीं खाडीची दलदल लागते. तेथें तिवर आणि कांदळ उभे आहेत. कांदळाचें बीं झाडावर असतांनाच रुजतें, हातभर लांब होतें, आणि मग खालच्या चिखलांत पडून उभें राहतें किंवा भरतीबरोबर दुसरीकडे जातें. त्या हजारों रोपांत कोणतींही दोन अगदीं सारखीं नसतात. कोणास खार अधिक सोसते, कोणास ऊन. एखाद्या वर्षीं संकट आलें तर कांहीं मरतात, कांहीं तगतात, आणि वन टिकून राहतें. अशा ठिकाणीं बाटलीचें काम नाहीं. जेथें पीक हवें, म्हणजे सरळ लांकूड, ठराविक तेल, ठराविक फळ हवें, तेथें डोळ्यापासून काढलेलें रोप उपयोगी. जेथें अरण्य हवें, तेथें बींच पेरलें पाहिजे. आणि ज्या उत्तम जुन्या वृक्षांपासून उद्यां डोळे घ्यावयाचे, ते वृक्षच आपण आज तोडून टाकले, तर सारी प्रयोगशाळा रिकाम्या बाटल्या घेऊन बसेल.

आमच्या इमारतीच्या फाटकापाशीं एक पारिजातक आहे. तो कोणाच्या बाटलींतला नाहीं. कोणीं तरी सहज टाकलेल्या बीजापासून उगवला आहे. सकाळीं त्याच्या फुलांचा निम्मा सडा आमच्या अंगणांत पडतो आणि निम्मा शेजाऱ्यांच्या. त्यावरून अद्याप भांडण झालेलें नाहीं. पुढें कधीं झालेंच, तर त्याची एक फांदी लावून द्यावी, एवढा साधा उपाय आहे. पारिजातक फांदीनेंही लागतो. जेथें साध्या फांदीनें किंवा बियानें काम होतें, तेथें तेंच करावें. आणि जेथें होत नाहीं, तेथेंच बाटलीकडे वळावें.